तांब्याच्या मापाचं टोपडं

टोपडं मी करीन, असं मी फोनवर म्हटलं तेव्हा पलीकडे आई इतका वेळ गप्प राहिली, की मला वाटलं रेंज गेली.

"हॅलो?"

"हाय मी," आई म्हणाली. "कोनतं टोपडं?"

"बाळाचं. नामकरणाचं."

"इकत आननार?"

"करणार. हातानं."

"कोनाच्या?"

आईचा प्रश्न बरोबर होता. सातवीत शिवणाच्या तासाला रुमालाला दुमड घालायला सांगितली होती, ती मी रुमालासकट स्वतःच्या स्कर्टाला घातली होती. तास संपल्यावर उठले तर रुमाल माझ्याबरोबर उठला. त्यानंतर घरात सुई कुणी माझ्या हातात दिली नाही आणि मीही मागितली नाही. सरकारी नोकरी लागली, साड्यांना फॉल लावून देणारी बाई गल्लीतच राहायला आली आणि माझं सगळं व्यवस्थित चाललं होतं.

पण त्या दिवशी माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला. भाऊ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अकोल्याला आईजवळ राहतो. त्याचं लग्न उशिरा, मूल आणखी उशिरा. बाळंतपणाला भावजय माहेरी अचलपूरला गेली होती. नामकरण मात्र अकोल्याच्या घरी, पाच आठवड्यांनी, मार्चमधल्या एका रविवारी करायचं ठरलं.

आमच्या घरात त्याचा एक नियम आहे. बुद्धवंदना झाली की बाळाला पहिलं टोपडं आत्या घालते. ते पांढरंच असतं, घरीच केलेलं असतं, आणि जिचं टोपडं बाळाच्या डोक्यावर बसेल तीच आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. आजवर भावकीतल्या सगळ्या बाळांची टोपडी आईच शिवून द्यायची, आत्यांनी फक्त घालायची. आता आईचा हात थरथरतो आणि ऑपरेशन होऊनही सुईचं नेढं तिला दिसत नाही. तेव्हा त्या फोनवर आई सहज म्हणाली, "मोठीले सांगतो, थे शिवीन."

मोठी म्हणजे माझी ताई. दर्यापूरला असते. गोधडी, रजई, झबली, पडदे, दाराची तोरणं, सगळं तिच्या मशीनखालून निघतं. टोपडं तिच्यासाठी चहा उकळेपर्यंतचं काम. पण त्या बाळाची आत्या मीही होते. आम्हाला भाऊ एक, त्याला हे पहिलं मूल, आणि त्याचं वय पाहता बहुतेक शेवटचंही. कानात नाव सांगायची ही एकच संधी होती आणि आईनं त्यासाठी मला विचारावं की नाही एवढासुद्धा विचार केला नव्हता. म्हणून मी बोलून गेले.

दहा मिनिटांत ताईचा फोन.

"तू टोपडं करून रायली म्हने?"

"हो."

"कर ना. चांगलं हाय. मी बी एक शिवून पर्समंदी ठेवतो. असू दे आपलं, अडचनीले."

"कसली अडचण?"

"तुह्या टोपड्याची," ताई म्हणाली आणि तिकडे खो खो हसली.

दोन सुयांचं विणकाम पाच आठवड्यांत शिकणं मला शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं. मी हट्टी आहे, पण मूर्ख नाही. ऑफिसातल्या एका मुलीनं मोबाइलवर मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात सुया नव्हत्याच. प्लास्टिकचं एक गोल कडं, त्याच्या कडेनं उभ्या खुंट्या, आणि हातात एक वाकड्या टोकाचा आकडा. बाई खुंट्यांना धागा गुंडाळत होती, आकड्यानं उचलून टाकत होती, आणि कड्याच्या खालून टोपी बाहेर येत होती. लूम म्हणतात त्याला. मी त्याच संध्याकाळी ऑर्डर केलं.

खोक्यात चार कडी आली. सगळ्यात लहान गुलाबी, मग निळं, हिरवं आणि सगळ्यात मोठं पिवळं, ज्यात माझं डोकं खांद्यापर्यंत जात होतं. सोबत आकडा, एक बोथट मोठी सुई, आणि चित्रांचा एक कागद, ज्यातले बाण कुठून निघून कुठे जातात ते छापणाऱ्यालाही माहीत नसावं.

करायचं असं असतं. धाग्याचं टोक बाजूच्या एका वेगळ्या खुंटीला अडकवायचं. मग प्रत्येक खुंटीला मागून वेढा घालत घालत कड्याभोवती एक फेरी मारायची. मग दुसरी. आता प्रत्येक खुंटीवर दोन वेढे असतात, एक खाली, एक वर. आकड्यानं खालचा उचलायचा आणि वरच्याच्या डोक्यावरून कड्याच्या आत सोडून द्यायचा. झाला एक टाका. अशी एक फेरी झाली की पुन्हा वेढे, पुन्हा उचलणं. याला अक्कल लागत नाही, फक्त बसावं लागतं. मला वाटलं, हे आपल्यासारख्यांसाठीच निघालेलं आहे.

पहिला प्रयत्न मी घरात पडलेल्या मरून लोकरीवर केला. चार संध्याकाळी विणत राहिले आणि पुरेसं लांब झाल्यावर खुंट्यांवरून काढून घेतलं. हातात आली एक नळी. दोन्ही बाजूंनी उघडी. वरचं तोंड बंद करायचं असतं, ते व्हिडिओत पुढे होतं आणि मी तो तिथवर पाहिलाच नव्हता. शेवटच्या फेरीतून बोथट सुईनं धागा ओवून घ्यायचा आणि पिशवीची नाडी ओढतो तसा ओढायचा, की टोपी होते. नाही ओढला की नळी.

मी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली.

"हे काय वो, बाही हाय का?"

"टोपी आहे. वरचं राहिलंय."

"टोपीत वरचंच त असते," आई म्हणाली.

माझ्या नवऱ्यानं ती नळी उचलली, पायात चढवली आणि गुडघ्यापर्यंत नेली. उजव्या गुडघ्यावर ती घट्ट बसली. तो दोनदा उठला, बसला. "बरं वाटून राहिलं गं," म्हणाला. "दुसऱ्या पायाचं कधी करतेस?"

पुन्हा ताईचा फोन आला. या वेळी मुद्द्याचा.

"लोकरीचं काहून करून रायली? मार्चात, अकोल्यात? पोट्ट्याले शिजवतं का?"

हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. म्हणून मी सुती धागा शोधायला बाहेर पडले. आमच्याकडे रस्त्यानं कापसाच्या गाड्या जातात आणि मागे अर्धा कापूस बाभळींना लटकलेला असतो. पण विणायचं मऊ पांढरं सूत अमरावतीच्या चार दुकानांत मिळालं नाही. चौथ्या दुकानदारानं मला वातींचा पुडा दाखवला. मी नको म्हटल्यावर तो म्हणाला, "ताई, इथून कापूस जाते. सूत बनून वापस नाही येत." शेवटी तेही ऑनलाइनच मागवलं.

आता माप. माप हा या सगळ्या प्रकरणातला मुख्य विषय आहे.

भावजयीला मी फोन करून सांगितलं होतं, टेप घे, बाळाच्या कपाळावरून डोक्याचा घेर मोज आणि मला कळव. ती म्हणाली, "ताई, आता झोपलाय, उठला की मोजते." उठला की तो रडायचा आणि रडायचा थांबला की झोपायचा. दोन दिवस असे गेले. तेवढ्यात आई अचलपूरहून नातू पाहून आली.

"डोकं केवढं आहे?" मी विचारलं.

"केवढं म्हंजे? पोट्ट्याएवढं."

"माप सांग आई. मला कडं निवडायचंय."

आईनं विचार केला. "तुमा दोघी बहिनीले लग्नात पितळी तांबे देले होते ना मी? एका भट्टीतले, सारखेच? त्या तांब्याच्या पोटाएवढं."

"नक्की?"

"मांडीवर घेतलं मी त्याले. डोकं या हातात होतं. तांब्या मले मालूम नाई का?"

आईचा हात थरथरत असला तरी तिच्या अंदाजावर मी कधी शंका घेतलेली नाही. ती मुठीनं मीठ टाकते आणि ते कधी कमी-जास्त होत नाही. मी माळ्यावरून तांब्या काढला, चिंचेनं घासला, त्याच्या पोटाला टेप लावला आणि आकडा लिहून ठेवला. मग तांब्या एकेका कड्यातून घालून पाहिला. गुलाबी ठरलं. हे सगळं मी इतक्या पद्धतशीरपणे केलं, की मला स्वतःचं कौतुक वाटलं. तांब्या ओट्यावरच ठेवला, जरा विणलं की त्याच्यावर घालून पाहता यावं म्हणून.

पण सुतानं माझी जिरवली. लोकर ताणते, सूत ताणत नाही. मी वेढे आवळून घालत होते, कारण घट्ट ते चांगलं अशी माझी आयुष्यभराची समजूत. खालचा वेढा आकड्यात यायचाच नाही. मी जोर लावला, तेव्हा आकडा सटकला आणि वरणाच्या पातेल्यात गेला. नवऱ्यानं तो डावानं काढला, धुतला, आणि "फोडणीत काय काय असते आजकाल," एवढंच म्हणाला. पंधरा दिवस उरले होते आणि माझ्याकडे गुडघ्याची एक पट्टी होती.

मी बडनेऱ्याहून अकोल्याला रोज अप-डाऊन करते. आईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून एरवी तिच्याशी बोलणं फोनवरच. आमच्या डब्यात ठरलेल्या बायका, ठरलेल्या जागा. एक मूर्तिजापूरच्या शाळेत शिकवते, तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात. एक बोरगावला नर्स आहे. बाकीच्या चढतात, उतरतात. या डब्याचा एक रिवाज आहे. कुणीही पिशवीतून मेथीची जुडी काढली की ती तिची राहत नाही. आजूबाजूचे हात आपोआप पुढे येतात, काड्या एकीकडे, पानं एकीकडे, आणि कुरूम यायच्या आत भाजी निवडून तयार. लसूणही असाच सोलला जातो. नको म्हणायची पद्धत नाही. नको म्हटलं तर ती भाजी कुणाला दाखवायची नव्हती असा अर्थ होतो.

सोमवारी मी पिशवीतून कडं काढलं आणि त्याच क्षणी ते माझं राहिलं नाही.

"हे काय होय?" मास्तरीणबाई.

मी सांगितलं. टोपडं, पंधरा दिवस, ताई, सगळं सांगितलं.

"इकडे आन." तिनं कडं ओढून घेतलं, धागा बोटानं दाबून पाहिला. "एवढं आवळून काहून रायली वो बाई? टोपडं हाय का फाशी?"

"हातांना सॅनिटायझर लावून घ्या आधी," नर्सबाई म्हणाल्या. "लेकराच्या डोक्यावर जाणार आहे ते. आणि पांढरं आहे." त्यांनी बाटली काढून सगळ्यांच्या हातांवर ओतली. ज्यांचा टोपड्याशी काही संबंध नव्हता, त्यांच्याही.

मास्तरीणबाईनं माझं सगळं उसवून टाकलं आणि नव्यानं सुरू केलं. तिचे वेढे सैल पडले आणि आकडा लोण्यातून फिरावा तसा फिरला. एक फेरी झाल्यावर तिनं कडं माझ्या मांडीवर ठेवलं. "आता तू. सैल घाल. हां, अशी." माझी फेरी झाली की पुन्हा तिनं घेतलं. एक तुझी, एक माझी. हिशेब सरळ होता. त्या आठवड्यात तिचं अकोल्याला प्रशिक्षण होतं, त्यामुळे ती मूर्तिजापूरला न उतरता शेवटपर्यंत सोबत असायची. जाताना, येताना, एक फेरी ती, एक फेरी मी. मधून नर्सबाईंचं सॅनिटायझर. शुक्रवारपर्यंत कड्याखाली चार बोटं कापड लोंबायला लागलं, मऊ, एकसारखं, पांढरंशुभ्र. मी ते तांब्यावर धरून पाहिलं. बरोब्बर.

पुढच्या आठवड्यात मास्तरीणबाई पुन्हा आपल्या शाळेवर गेली. तिची परीक्षेची गडबड सुरू झाली आणि ती जाता-येता गाडीत पेपर तपासत बसायची. वरचा भाग मी एकटीनं विणला. गुरुवारी परतीच्या गाडीत शेवटची फेरी संपली. मी सुईत धागा ओवला, खुंटी-खुंटीवरचा टाका सुईवर घेतला आणि नाडी ओढली. या वेळी वरचं तोंड बंद झालं. डब्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टोपडं हातोहात फिरलं आणि नर्सबाईंकडे पोचलं. त्यांनी ते दोन बोटांवर चढवून फिरवून पाहिलं.

"याला खिडकी आहे," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"ही काय." त्यांची दोन बोटं टोपड्याच्या बाजूनं बाहेर आली होती. काठापासून वर चार बोटं, सरळ उभी चीर.

सगळ्यांनी पाहिलं. कुणी उसवलंय का, कशात अडकलं का, बऱ्याच चर्चा झाल्या. मग नर्सबाईंनी मास्तरीणबाईला म्हटलं, "तुम्ही लिहिता कोणत्या हातानं?"

"डाव्या."

"आणि वेढे कुठून कुठं घालता?"

तिनं हवेत घालून दाखवले. उजवीकडून डावीकडे. मग मी घालून दाखवले. डावीकडून उजवीकडे. मी एक फेरी घालून खुणेच्या खुंटीशी यायचे, आणि मास्तरीणबाई तिथूनच उलटी फिरून परत जायची. आम्ही दोघी आठवडाभर एकमेकींच्या दिशेनं येत होतो आणि एकदाही ती शेवटची खुंटी ओलांडून पुढे गेलो नव्हतो. गोल जायचं सोडून आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझारा घातल्या होत्या. वरचा भाग मी एकटीनं केला म्हणून तेवढा जुळला होता. कड्यावर असताना कापड आत गोळा होऊन लोंबतं, त्यात ही फट कुणाला दिसली नाही.

"अवं माय," मास्तरीणबाई म्हणाली. मग एकदम फुटली आणि हसता हसता तिचे तपासायचे पेपर खाली सांडले.

मला हसू आलं नाही. टोपड्याचं कामच मुळी कान झाकायचं. आमच्या आईच्या जगात मार्च असो की मे, लेकराच्या कानात वारा गेला की संपलं. आणि माझ्या टोपड्याला नेमकी कानावर चार बोटांची खिडकी होती. मधे दोन दिवस. पुन्हा पहिल्यापासून विणायला वेळ नाही. ताईच्या पर्समध्ये, मला खात्री होती, टोपडं तयार होतं.

"शिवून टाका," नर्सबाई म्हणाल्या. "एवढी चीर तर कुणालाही शिवता येते."

शनिवारी सुट्टी होती. मी पांढरा दोरा ओवला आणि सातवीनंतर पहिल्यांदा शिवायला बसले. टोपडं माझ्या साडीला शिवलं जाऊ नये म्हणून मी ते तांब्यावर चढवून मगच शिवलं. टाके काही लांब, काही आखूड, दोन-तीन एकमेकांवर बसलेले. मधे एक गाठ पडली, ती सुटेना, तर मी तिच्याच भोवती फिरून पुढे गेले. शेवटी चीर बंद झाली. टोपडं घातलेला तांब्या ओट्यावर उभा होता आणि पाणी मागायला आलेल्या शेजारणीनं विचारलं, "याचं कधी आहे नामकरण?"

रविवारी अकोल्याच्या घरात खुर्च्या मांडल्या होत्या, पाळणा सजवला होता. आई पांढऱ्या साडीत दाराशी बसून येणाऱ्याचं नाव विचारत होती. ताई माझ्या आधीच आली होती. तिनं मला पाहिलं आणि हात पुढे केला.

"दाखव."

मी दाखवलं. तिनं टोपडं उलटं केलं, सुलटं केलं, माझी शिवण अंगठ्यानं चाचपली.

"हे कोनं शिवलं?"

"मी."

"दिसते."

तिनं पर्समधून स्वतःचं काढलं. मलमलचं, दुहेरी, कडेला पांढऱ्याच रेशमाची बारीक वेलबुट्टी, बांधायला दोन नाड्या. मी ते उलटं करून पाहिलं. आतूनही तेवढंच सुबक होतं.

"तू आधी घाल," ताई म्हणाली. "नाई बसलं, त हे हायच."

वंदना झाली. त्रिशरण, पंचशील, सगळं शांतपणे पार पडलं. भावजयीनं बाळाला आणून आईच्या मांडीवर ठेवलं आणि मी त्याला पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. फोनवर तो सारखा टॉवेलात गुंडाळलेला असायचा. गाल खाली लोंबत होते. आणि डोकं, आमच्या भावाचं डोकं जसंच्या तसं, पाच आठवड्यांत दूध पिऊन पिऊन वाढलेलं.

मी टोपडं चढवलं. ते टाळूवर जाऊन थांबलं. जरा ओढलं. तसूभर हललं नाही. बाळानं तोंड वाकडं केलं.

"ओढू नको वो," आई म्हणाली. "दे मोठीचं."

ताई पुढे झाली. तिनं आपलं टोपडं दोन्ही हातांनी सावरून बाळाच्या डोक्यावर ठेवलं. तेही तिथेच थांबलं, माझं थांबलं होतं तिथेच. वेलबुट्टीसकट डोक्यावर झाकणासारखं बसलं. नाड्या कानापर्यंतसुद्धा पोचल्या नाहीत.

मी ताईकडे पाहिलं. "माप कुठलं घेतलंस?"

"आईनं सांगतलं ना. तांब्याचं."

दोघींनी आईकडे पाहिलं.

"बरोबरच होतं," आई ठामपणे म्हणाली. "तवा तेवढंच होतं डोकं. पोट्टं वाढते, तांब्या थोडीच वाढते?"

हॉलमधली माणसं पाहत होती. आमच्या भावानं हळूच सुचवलं, "बाजारातून आणू का एखादं?" त्याच्यावर आम्ही तिघी एकाच वेळी ओरडलो. बाळ दचकलं आणि रडायला लागलं.

तेवढ्यात ताईनं माझं टोपडं उचललं, शिवण डोळ्यांजवळ नेली, माझी ती गाठ दातात धरली आणि कचकन तोडली. मग दोऱ्याचं टोक धरून ओढलं. माझे सगळे टाके एका ओढीत सरसर बाहेर आले. चांगली शिवण असती तर अशी निघाली नसती, हे मी इथे नमूद करते. चीर उघडी झाली. ताईनं ती बोटांनी फाकवली, टोपडं बाळाच्या डोक्यावर ठेवलं आणि खाली ओढलं. टोपडं भुवयांपर्यंत आलं आणि बसलं. चिरेतून एक कान पूर्ण बाहेर आला.

"तुहं बसलं," ताई म्हणाली. एवढंच.

आईनं हात पुढे केला आणि टोपड्यावरून फिरवत फिरवत त्या कानाशी आली. तिचं बोट चिरेत गेलं.

"हे काहून फाटलं?"

"फाटलं नाही. ठेवलंय."

"कायले? वारा जाईन कानात."

"आई, नाव सांगायचंय. कान झाकला तर नाव कुठून जाणार?"

आई विचारात पडली. तिनं आयुष्यभर टोपडी शिवली आणि दर वेळी आत्यांनी नाव सांगताना टोपडं कानावरून वर सरकवलं. हे तिला आठवलं असावं. तिनं पुन्हा एकदा चीर चाचपली.

"हुशार हायेस," ती म्हणाली. मागे ताईला ठसका लागला.

"सांग ना लवकर नाव," ताई म्हणाली. "काढून फेकते थो आता."

भावजयीनं बाळाला पाळण्यात ठेवलं आणि मी वाकले. चिरेतल्या कानाला तोंड लावलं. मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपवर मतदान घेऊन ठरवलेलं नाव मी सावकाश, स्पष्ट सांगितलं. आत्या नाव सांगते तेव्हा मागच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के मारायचे असतात, तशी पद्धत आहे. आमच्याकडे हळूच मारतात, नुसतं निमित्त. त्या दिवशीही तसेच हलके हलके पाच-सहा पडले, आणि मग एक पडला, तो मी न पाहता ओळखला. शिवणयंत्राचं चाक चाळीस वर्षं फिरवलेला हात होता तो.

सोमवारी गाडीत मला पाठ टेकवत नव्हती. नर्सबाईंनी पिशवीतून मलम काढलं. मास्तरीणबाईनं सगळी हकिगत दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा बाकीच्या बायकांनाही ऐकायला लावली.

"म्हंजे खिडकी माही," ती म्हणाली.

"तुझीच."

"मंग एक बुक्का मले बी पडाले पायजे होता."

डब्यातल्या बायकांनी तो लगेच देऊन टाकला.